व्हॉल्यूम वेगळा, बॅकअप वेगळा: दुकानाचा हिशेब कंटेनरमध्ये ठेवताना

गणेश चवथ आठवड्यावर आलेली. गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या एका हार्डवेअर दुकानातून काकांचा फोन आला. "अरे, सगळी बिलं गेली. पण तूच म्हणालेलास ना, डेटा वेगळा ठेवलाय म्हणून?"

मी तसं म्हणालो होतो, आणि ते खोटंही नव्हतं. डेटा कंटेनरपासून वेगळा होता. काकांनी त्याचा अर्थ "डेटाची दुसरी प्रत आहे" असा घेतला. कंटेनरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या बऱ्याच जणांचा गोंधळ नेमका इथेच होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो.

दुकानात ईआरपीनेक्स्ट आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर, डेटाबेस मारियाडीबी, सगळं डॉकरमध्ये, काउंटरखालच्या एका छोट्या पीसीवर. डॉकर प्रत्येक प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सामानासकट एका वेगळ्या डब्यात चालवतं, तो डबा म्हणजे कंटेनर. कंटेनर ही मुळात टाकाऊ गोष्ट. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर काढायचा, नव्या इमेजवरून, म्हणजे तयार साच्यावरून, दुसरा उभा करायचा. कंटेनरच्या आत जे लिहिलं जातं ते त्याच्याबरोबर जातं. मग बिलं, खाती, साठा टिकायचा कसा? त्यासाठी व्हॉल्यूम. डेटाबेस ज्या फोल्डरात लिहितो ते फोल्डर कंटेनरच्या बाहेर, डॉकरच्या ताब्यात, यंत्राच्या डिस्कवर ठेवायचं. कंटेनर दहा वेळा बदला, व्हॉल्यूम तोच राहतो.

जुन्या पेढीच्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्यूम म्हणजे कीर्द-खतावणीचं कपाट. मुनीम बदलला, गादी बदलली, तरी वह्या कपाटात असतात. बॅकअप म्हणजे त्या वह्यांची नक्कल, दुसऱ्या घरात ठेवलेली. कपाट कितीही मजबूत असलं तरी आग दुकानाला लागते तेव्हा कपाटालाही लागते.

काकांच्या दुकानात आग लागली नव्हती. काउंटरवरचा मुलगा काम सोडून गेला, म्हणून भाच्याने डेटाबेसचा पासवर्ड बदलायचं ठरवलं. विचार योग्यच होता. कंटेनर आणि व्हॉल्यूम कसे उभे करायचे ते ज्यात लिहिलेलं असतं त्या कंपोज फाइलमध्ये त्याने नवा पासवर्ड लिहिला, कंटेनर पुन्हा चालू केले, तरी जुनाच पासवर्ड लागू. कारण मारियाडीबीची इमेज फाइलमधला तो पासवर्ड फक्त पहिल्यांदा वाचते, डेटाचं फोल्डर रिकामं असताना. आत आधीच डेटाबेस असेल तर ती त्याच्याकडे बघतही नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचंही तसंच. पासवर्ड डेटाबेसच्या आत जाऊन बदलावा लागतो.

भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याने ओळखीतल्या कुणाला तरी फोन केला. उत्तर मिळालं: डाऊन करताना शेवटी हायफन व्ही लाव आणि परत अप कर. त्याने तसं केलं, आणि नवा पासवर्ड लगेच चालला! चालणारच होता, कारण फोल्डर आता खरोखरच रिकामं होतं. नुसत्या 'डॉकर कंपोज डाऊन'ने कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतात. त्याला हायफन व्ही लावला की त्या फाइलमध्ये नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. मी पोहोचलो तेव्हा स्क्रीनवर भाषा, देश आणि चलन विचारणारं पहिलंवहिलं पान होतं. भाचा शेजारी उभा. काका काही बोलत नव्हते.

मी रोजचा बॅकअप लावलेला होता. तो गेला कुठे? ईआरपीनेक्स्ट आपला बॅकअप साइटच्या फोल्डरातच, खासगी फाइलींच्या शेजारी ठेवतं. ते फोल्डर 'साइट्स' नावाच्या व्हॉल्यूममध्ये. म्हणजे वह्यांची नक्कल त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. दोन्ही व्हॉल्यूम एकाच कमांडने गेले. ही चूक माझी होती. मांडणी मी केली होती आणि त्या फाइली रोज बाहेर नेण्याची सोय केली नव्हती.

वाचवलं ते पेन ड्राइव्हने. काकांची सून दर महिन्याच्या १ तारखेला सीएंकडे देण्यासाठी बॅकअप उतरवून घ्यायची, तोही फाइलींसकट. पुढची १९ दिवसांची बिलं आम्ही बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भरली. दुकानात रंगाच्या डब्यांसाठी गिऱ्हाइकांची रीघ, आणि आतल्या खोलीत आम्ही तिघं बिलं वाचतोय: क्रमांक, माल, रक्कम, ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, गोव्याच्या ३० ने सुरू होणारा. पुढच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, भरायचा होता. तो वेळेत गेला.

तेव्हापासून मी व्हॉल्यूम आधी हाताने तयार करतो आणि कंपोज फाइलमध्ये ते 'एक्स्टर्नल' म्हणून लिहितो. मग हायफन व्ही लावला तरी डॉकर त्यांना हात लावत नाही. पण त्याने फक्त कपाटाला कुलूप लागलं. वीज कोसळून डिस्क जळाली तर ते कुलूप काय करणार?

काही जण म्हणतात, आम्ही व्हॉल्यूमचं फोल्डरच रोज दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो. डेटाबेस चालू असताना केलेली अशी कॉपी बॅकअप म्हणून धरू नका. मारियाडीबी एकाच व्यवहारासाठी लॉगमध्ये आणि टेबलांच्या फाइलींमध्ये वेगवेगळ्या वेळी लिहीत असते. तुमची कॉपी पहिली फाइल ११ वाजता उचलते, शेवटची ११ वाजून ३ मिनिटांनी, आणि मधल्या बिलांचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे राहतो. कंटेनर नीट थांबवून मग कॉपी केली तर चालते. चालू डेटाबेसचा मात्र डंपच, म्हणजे डेटाबेसकडूनच लिहून घेतलेली नक्कल, घ्यावा, मारियाडीबी-डंप या आज्ञेने, 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय लावून. मग दुकान चालू असलं तरी डंपमध्ये एकाच क्षणाचं चित्र उतरतं.

डंपचा आणखी एक मोठा फायदा आहे. व्हॉल्यूममधल्या फाइली डेटाबेसच्या आवृत्तीला बांधलेल्या असतात. ओडू हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्याच्या पोटात पोस्टग्रेस असतो, आणि पोस्टग्रेस १५ च्या फाइली १६ उघडतच नाही. इमेजचा आकडा सहज बदलला की कंटेनर चालू व्हायला नकार देतो. डंप मात्र जुन्यातून नव्यात घालता येतो.

नुसता डंपही पुरत नाही. जोडलेली बिलं आणि पावत्यांचे फोटो डेटाबेसबाहेर, साइट्सच्या फोल्डरात असतात. तिथल्याच एका छोट्या फाइलमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली असते. ती हरवली तर साठवलेले ईमेलचे वगैरे पासवर्ड परत वाचता येत नाहीत. तेव्हा डेटाबेस, फाइली आणि ती किल्ली, तिन्ही एकत्र उतरवा.

आणि फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला, असंही समजू नका. मारियाडीबी ११ पासून अधिकृत इमेजमधून 'मायएसक्यूएलडंप' हे त्या आज्ञेचं जुनं नाव काढून टाकलं आहे. जुनी स्क्रिप्ट तेच नाव हाकारते, आज्ञा सापडत नाही, पण पुढची जीझिप, फाइल आवळून लहान करणारी आज्ञा, निमूटपणे रिकाम्या हवेची फाइल बांधते. मी एका ठिकाणी अशा फाइलींची रांगच पाहिली आहे: रोजची तारीख बरोबर, नाव बरोबर, आणि प्रत्येकीचा आकार २० बाइट. रोज आकार बघायला दहा सेकंद लागतात.

कायद्याचंही थोडं. जीएसटीखाली हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपन्यांना ८ आर्थिक वर्षं, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर. 'रोज' हा शब्द ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने आला. काकांचं दुकान एकट्याच्या मालकीचं, त्यामुळे कंपन्यांचा नियम त्यांना लागू नाही. तरी आम्ही रोजचाच ठेवला.

आता रात्री साडेनऊला, दुकान बंद झाल्यावर, डंप निघतो, कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होऊन भारतातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जातो. त्या सर्व्हरवरच्या जुन्या प्रती पुसायचा अधिकार दुकानातल्या पीसीला दिलेला नाही. एक प्रत काकांच्या घरच्या डिस्कवर जाते, आणि ती डिस्क पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा त्यातलीच एक प्रत जुन्या लॅपटॉपवर, रिकाम्या व्हॉल्यूममध्ये, शून्यापासून उभी करतो. मग दुकानातल्या स्क्रीनवर आणि लॅपटॉपवर त्याच तारखेची तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढतो आणि दोन्ही बेरजा मोठ्याने वाचतो. काका शेजारी बसून पैशापर्यंत ताडून बघतात.