एलईडी बल्ब, हॅलोजन हेडलाइटमधील

वाहनाच्या हेडलाइटमधील हॅलोजन बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब लावण्याची पद्धत. यात काच, परावर्तक (रिफ्लेक्टर) आणि दिव्याचे घर मूळचेच राहते. बदलतो तो फक्त प्रकाशाचा उगम. कारखान्यातच एलईडीसाठी घडवलेला अखंड दिवा ही निराळी रचना असून तिचा येथे तुलनेपुरताच विचार केला आहे.

हॅलोजन दिव्याचा जन्म सामान्यतः १९५९ सालचा मानतात. त्या वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एल्मर फ्रिड्रिक व एमेट विली यांना आयोडीनयुक्त टंगस्टन दिव्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि त्याच कंपनीतील एडवर्ड झुब्लर व फ्रेडरिक मॉस्बी यांनी त्याची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली. काही लेखक मात्र हे श्रेय बरेच मागे नेतात. काच काळवंडू नये म्हणून दिव्यात क्लोरीन भरण्याची कल्पना १८८२ च्या एका पेटंटात आढळते, तर आयोडीन वापरण्याची सूचना १९३३ च्या पेटंटात. परंतु १८८२ चा दिवा कार्बनच्या तंतूचा होता. टंगस्टन आणि हॅलोजन (आयोडीन, क्लोरीन यांच्या गटातील मूलद्रव्य) यांचे चक्र क्वार्ट्झच्या छोट्या नळीत टिकाऊपणे चालवून दाखवले गेले ते १९५० च्या दशकात, म्हणून १९५९ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. या चक्राविषयी एक गैरसमज जुन्या पुस्तकांतूनही दिसतो. तंतूवरून उडालेले टंगस्टन हॅलोजनशी संयोग पावून परत तंतूवर बसते हे खरे. पण ते झिजलेल्या जागीच बसते असे नाही, बहुधा तुलनेने थंड भागावर बसते. म्हणजे चक्रामुळे काच स्वच्छ राहते, तंतूची जखम भरून येत नाही. वाहनांसाठी युरोपात एच१ बल्ब १९६२ मध्ये आणि अपर-डिपरचे दोन तंतू असलेला एच४ बल्ब १९७१ मध्ये आला.

एलईडीच्या बाजूने पाहिल्यास, अर्धवाहकातून प्रकाश निघतो हे हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच नोंदवले होते. तरी पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या एलईडीची वाट १९९० च्या दशकापर्यंत पाहावी लागली. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडी हेडलाइट असलेली पहिली मोटार कोणती, याची उत्तरे दोन मिळतात. लेक्सस एलएस ६००एच (२००७) हिचा फक्त डिपर एलईडीचा होता. अपरसह सर्व कामे एलईडीकडे सोपवणारी पहिली गाडी म्हणून ऑडी आर८ चे नाव घेतले जाते. ‘पहिली’ कशाला म्हणायचे, एवढाच हा मतभेद आहे.

बदलाचे यशापयश मुख्यतः भूमितीवर ठरते. एच४ बल्ब हातात घेऊन पाहिला की हे लगेच उमगते. काचेला बोट न लावता तो धातूच्या चकतीशी धरावा, कारण बोटाचा तेलकटपणा तापलेल्या क्वार्ट्झला मारक ठरतो. आत दोन बारीक वेटोळी दिसतात. त्यांपैकी टोकाकडच्या वेटोळ्याखाली चमच्याएवढीही नसलेली धातूची वाटी असते. अपरचा तंतू परावर्तकाच्या नाभीपाशी असतो, डिपरचा नाभीच्या थोडा पुढे. त्यामुळे डिपरचा जो प्रकाश परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो तो खाली रस्त्याकडे वळतो. खालच्या अर्ध्या भागावर पडलेला प्रकाश वर, समोरच्या चालकाच्या डोळ्यांत गेला असता. तो ही वाटी अडवते. वाटीची एक कड सुमारे १५° खाली वळवलेली असते, म्हणून रस्त्याच्या कडेच्या बाजूला प्रकाशाची रेषा तिरपी वर चढते.

एलईडी बल्बला ही सारी किमया एका सपाट पट्टीवरून साधायची असते. एकाच तंतूच्या एच७ बल्बचा तंतू सुमारे ४ मिमी लांब असून तो सर्व बाजूंना जवळपास सारखा प्रकाश टाकतो. एलईडीची चिप मात्र आपल्या समोरच्या दिशेला सर्वाधिक आणि कडेला फार थोडा प्रकाश देते. म्हणून पट्टीच्या दोन्ही अंगांना चिपा बसवतात. त्यांच्यामधली पट्टी जितकी जाड, तितका उगम मूळ तंतूच्या जागेपासून दूर सरकतो, आणि परावर्तकाच्या दृष्टीने एक मिमी हेही मोठे अंतर आहे. याच कारणाने बारीक पट्टीचे बल्ब सरस ठरतात. बल्ब बसवताना चिपांची तोंडे घड्याळातील ३ आणि ९ च्या दिशांना यावीत असे सांगतात. त्यासाठी पुष्कळ बल्बांची कॉलर (होल्डरमध्ये अडकणारी कडी) फिरवता येते. ती तिरकी राहिली तर डिपरची कट-ऑफ रेषा, म्हणजे उजेडाची वरची सीमा, विस्कटते. प्रोजेक्टर दिव्यात (ज्यात प्रकाश भिंगातून बाहेर पडतो) ही रेषा आतला पडदा आखतो, त्यामुळे ती सहसा शाबूत राहते. तरीही प्रकाशाचा तीव्र भाग जागेवर पडेलच याची खात्री नसते.

वेष्टनावरच्या ल्यूमेनच्या (एकूण प्रकाशाच्या मापाच्या) आकड्यावर खरेदी करणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते. एच७ चा प्रमाणित प्रकाशप्रवाह १३.२ व्होल्टला १५०० ल्यूमेन, एच४ च्या डिपरचा १००० ल्यूमेन. जुळणी चुकलेला बल्ब याच्या दुप्पट प्रकाश ओतत असला तरी तो गाडीच्या नाकासमोर सांडू शकतो. जवळचा रस्ता झगझगला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचा काळोख अधिकच गडद होतो. चालकाला ‘भरपूर दिसते’ असे वाटत असताना दूरचा पादचारी उशिरा दिसतो, ही या बदलातील सर्वांत गंभीर बाब होय.

उष्णतेचे गणितही उलटे आहे. हॅलोजन आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने पुढे फेकतो, त्यामुळे दिव्याच्या पुढच्या काचेवरचे बर्फ वितळते. एलईडीची उष्णता मागे, बुडाकडे साठते. तिथे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) किंवा पंखा लागतो, आणि मागचे रबरी झाकण बसेनासे झाले म्हणून उघडे ठेवले तर धूळ-पाणी शिरून परावर्तक खराब होतो. चिप तापली की प्रकाश उतरतो. म्हणून पहिल्या मिनिटाचा उजेड पाहून मत बनवू नये.

विजेच्या बाजूने येणाऱ्या अडचणी ठरावीक आहेत. कमी वीज ओढणाऱ्या बल्बला गाडीचा संगणक ‘उडालेला’ समजतो किंवा बल्ब लुकलुकतो. उपाय म्हणून जोडला जाणारा ६ ओहमचा रोध १३.५ व्होल्टला सुमारे ३० वॅट उष्णता काढतो. म्हणजे वाचवलेली वीज तिथेच खर्ची पडते, शिवाय तो प्लॅस्टिकला चिकटला तर वितळवतो. एलईडीला वीज पुरवणारे ड्रायव्हर-मंडल हलक्या प्रतीचे असेल तर रेडिओत खरखर येते. ज्या जुन्या दुचाकींचा हेडलाइट थेट प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसी) चालतो, तिथे वायरिंग न बदलता एलईडी नीट चालत नाही.

मंद, पिवळट उजेडाची तक्रार बल्बमुळेच असते असेही नाही. तंतुदिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. वायरिंगमध्ये ५ टक्के व्होल्टेज गळाले तर प्रकाश सुमारे १६ टक्के घटतो. रिले घालून जाड वायर टाकणे आणि धुरकटलेली काच पॉलिश करणे हे उपाय प्रस्तुत लेखकाला आधी करावेसे वाटतात.

रंगाविषयी एकमत नाही. हॅलोजनचे रंगतापमान (आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) ३२०० केल्विनच्या आसपास, तर एलईडीचे बहुधा ५००० ते ६५०० केल्विन. पिवळा प्रकाश धुके भेदतो ही समजूत रूढ आहे, आणि फ्रान्समध्ये तर पिवळे हेडलाइट १९९३ पर्यंत बंधनकारक होते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्याने त्यांच्याकडून प्रकाशाचे होणारे विखुरणे रंगावर फारसे अवलंबून नसते; त्यामुळे भौतिकीचा कौल या समजुतीच्या बाजूने नाही. निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना अधिक खुपतो, हे मात्र पुष्कळसे मान्य आहे.

कायद्याच्या दृष्टीने हेडलाइटची मान्यता विशिष्ट प्रकाशस्रोतासह दिलेली असते. तंतुदिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम ३७ आणि एलईडी स्रोतांसाठी नियम १२८ असे वेगळे आहेत. जर्मनीने २०२० पासून ठरावीक बल्ब ठरावीक गाड्यांत वापरण्यास परवानगी दिली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून असा बदल केलेली मोटार वार्षिक तपासणीत नापास केली जाते. बल्ब कुठलाही असो, बदलानंतर दिव्याचा कोन तपासावा लागतो. गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मी अंतरावर उभी करून डिपर लावल्यास, १ टक्का उतार असलेल्या दिव्याची कट-ऑफ रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली पडते. ती रेषाच दिसत नसेल, नुसता पसरट डाग दिसत असेल, तर स्क्रू फिरवून काही साधत नाही. तो बल्ब त्या दिव्याचा नव्हे.