बोअरचं पाणी, बॉयलर आणि मिठाची गोण
सॉफ्टनर वापरणाऱ्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या डाइंगवाल्यांसाठी आणि जिथे जिथे बोअरच्या पाण्यावर बॉयलर चालतो त्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. सॉफ्टनर (पाण्यातला जडपणा काढणारं यंत्र) घेताना आपलं बोलणं बहुतेक दरावरच संपतं आणि पुढच्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहूनच देतोय. बॉयलर अटेंडंटलाही वाचायला द्या. खरं तर आधी त्यालाच द्या.

पाणी जड म्हणजे काय

बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे घरी सगळ्यांनी पाहिलंय. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणायचे. नाव अवघड असलं तरी नेमकं आहे. काळ्या कातळाच्या भेगांमधून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. ते किती आहेत हे पीपीएममध्ये, म्हणजे एका लिटरमागे किती मिलिग्रॅम, असं मोजतात.

पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकानुसार २०० पीपीएमपर्यंत कठीणपणा (म्हणजे हेच क्षार) चालतो, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. बॉयलरला मात्र तो ५ च्या आत हवा. कारण बॉयलरमधून वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. शिवाय हे क्षार साखरेसारखे नाहीत. पाणी जितकं तापेल तितके ते कमी विरघळतात, त्यामुळे सगळ्यात गरम जागी, म्हणजे ट्यूबच्या अंगालाच, आधी धरतात.

आता हिशेब करू. ताशी १ टन वाफ देणारा बॉयलर दिवसाला १० तास चालला, तर साधारण १०,००० लिटर पाणी लागतं. ५०० पीपीएमच्या पाण्यातून रोज ५ किलो क्षार आत जातात, २६ दिवसांत १३० किलो. यातले काही गाळ होऊन ब्लोडाउनमध्ये (बॉयलरच्या तळाचं गढूळ पाणी सोडून देताना) निघतात, पण बाकीचे ट्यूबवर बसतात. हा पांढुरका थर लोखंडापेक्षा उष्णता फारच कमी वाहून नेतो. साधारण दीड मिलिमीटर थराला ४ टक्क्यांच्या आसपास इंधन जादा जातं असं धरतात. १ टनाचा बॉयलर पूर्ण लोडवर पांढऱ्या कोळशावर (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांवर) चालत असेल तर दिवसाला जवळजवळ ९० किलो कोळसा फुकट जळतो. थरात सिलिका (वाळूतला घटक) असेल तर नुकसान याहून मोठं. आणि कोळसा गेला तरी परवडेल. थराखालची ट्यूब अति तापून फुगते, ते दुखणं महागात जातं.

डाइंगच्या पाण्याचं वेगळंच. तिथे थर दिसत नाही. शेड एकसारखी उतरत नाही, डाग पडतात, साबणाचा चोथा धाग्यावर बसतो आणि टॉवेल हाताला कडक लागतो. मग रंगाच्या कंपनीला दोष दिला जातो.

सॉफ्टनर काय करतो

टाकीत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात. मण्यांवर सोडियम असतं. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सोडियमचे क्षार खपलीसारखे धरत नाहीत. मण्यांवरचं सोडियम संपलं की त्यांच्यातून मिठाचं पाणी सोडायचं, म्हणजे ते पुन्हा तयार होतात. यालाच रिजनरेशन म्हणतात. आधी बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं), मग मीठपाणी, मग रिन्स (साध्या पाण्याने विसळणं). बाहेर येणारं पाणी जिभेला खारट लागायचं थांबलं की रिन्स झाला.

१०० लिटर रेझिन एका फेरीत, म्हणजे दोन रिजनरेशनच्या मध्ये, साधारण ५ ते साडेपाच किलो कठीणपणा धरतं आणि पुन्हा तयार व्हायला १२ ते १५ किलो मीठ खातं. म्हणजे वरच्या उदाहरणात रोज एक रिजनरेशन.

आमच्याकडून झालेली एक चूक

एका ग्राहकाकडे आम्ही ऑगस्टमध्ये नमुना घेतला. पाऊस झालेला, बोअर भरलेलं, कठीणपणा ५००. त्यावरून १०० लिटर रेझिन बसवलं आणि सांगितलं, रोज सकाळी रिजनरेशन करा, दिवस निघेल. निघतही होता. मे महिन्यात बोअर खाली गेलं आणि पाणी ७५० वर पोचलं, पण वेळापत्रक कोणी बदललं नाही. सकाळी आठला सुरू केलेला सॉफ्टनर दुपारी तीनच्या सुमारास संपायचा आणि पुढचे तीन तास कच्चं पाणी सरळ बॉयलरमध्ये. रोज सव्वादोन किलो क्षार.

अटेंडंट तपासणी करत नव्हता असंही नाही. वहीत रोज 'ओके' लिहिलेलं होतं. पण तो नमुना सकाळी रिजनरेशन झाल्या झाल्या घ्यायचा. त्या वेळी कुठलाही सॉफ्टनर पास होतो.

तेव्हापासून आम्ही एकाच नमुन्यावर साइज ठरवत नाही. उन्हाळ्यातला आकडा मागतो, आणि नसेल तर वाढवून धरतो. टँकरचं पाणी मिसळत असाल तर तेही सांगा, कारण प्रत्येक खेपेला विहीर वेगळी असू शकते.

तपासणी: फेरी संपायच्या वेळी

कठीणपणा तपासायच्या किटमधल्या नळीत सॉफ्टनरच्या आउटलेटचं पाणी खुणेपर्यंत घ्या. बफरचे थेंब टाका, मग इंडिकेटर. रंग निळा आला तर पाणी सॉफ्ट. लालसर, वाइनसारखा आला तर कठीणपणा सुटायला लागलाय. तेवढ्यावरच रिजनरेशन करा, ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका. दोन मिनिटांचं काम आहे. नमुना फेरी संपत आल्यावर घ्या आणि वहीत 'ओके' ऐवजी वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहा.

मीठ

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत 'मशीन बिघडलंय' असं म्हणत आलेल्या बऱ्याच तक्रारी मिठाच्या टाकीपाशी संपतात. कधी मीठ कमी टाकलेलं असतं, कधी मातकट, चिखल असलेलं. स्वच्छ खडे मीठ वापरा. जेवणातलं बारीक मीठ टाकीच्या तळाशी घट्ट बसतं आणि इजेक्टर (मीठपाणी खेचणारा भाग) ओढत नाही. तुरटी, चुना, सोडा यातलं काहीही 'जास्त चांगलं होईल' म्हणून टाकू नका. (एकाने टाकलं होतं.)

पाण्यात लोह असेल तर मणी तांबूस-काळे पडतात आणि धरण्याची ताकद जाते, म्हणून आधी लोहाचा फिल्टर लावा. क्लोरीन जास्त असेल तर मणी खराब होतात.

सॉफ्टनर काय करत नाही

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी करत नाही. उलट किंचित वाढतो. सिलिकाही तशीच राहते. म्हणून सॉफ्टनर आला म्हणजे ब्लोडाउन बंद, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बॉयलर केमिकलवाल्याचा डोसही एकदम तोडू नका, त्याला नवा पाण्याचा रिपोर्ट दाखवा. आधी धरलेली खपली सॉफ्टनर काढत नाही. ती ॲसिडने काढतात, पण इन्हिबिटर (ॲसिडपासून धातू वाचवणारं रसायन) न घालता ॲसिड ओतलं तर खपलीबरोबर ट्यूबही जाते. ते काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

पाइपला बाहेरून बांधायचं चुंबक मिळतं, तेही लोक विचारतात. आम्ही ते ठेवत नाही. पाण्यातला कठीणपणा त्याने निघत नाही, किटमध्ये रंग लालच येतो.

रिजनरेशनचं खारं पाणी बोअरजवळ किंवा शेताच्या बांधावर सोडू नका. ते पुन्हा जमिनीत मुरतं. ईटीपीच्या (कारखान्यातल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत एकदम न ओतता थोडं थोडं मिसळा, आणि किती निघतं याची नोंद ठेवा.

नमुना कसा पाठवायचा

बोअर दहा मिनिटं चालू द्या. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. बाटलीवर तारीख, बोअर की टँकर, आणि रोज किती लिटर लागतं एवढं लिहा. तेलाची किंवा सरबताची बाटली नको. मागच्या महिन्यात एक नमुना आला, त्याला रूहअफजाचा वास होता.