वाळूचे तेल आणि नीतीचा तास

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ गोव्यातल्या मराठी शाळांच्या फळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सुविचार म्हणून लिहिली गेली. वामनपंडितांनी भर्तृहरीच्या नीतिशतकाचे मराठी केले, त्यातली ही ओळ. पुढचा भाग मात्र फळ्यावर क्वचितच येतो. वाळूतून एक वेळ तेल निघेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असे मूळ श्लोक सांगतो. आपण त्याची प्रयत्नवादाची शिकवण करून टाकली! नीतीचे वचन पाठ होते, त्याचा संदर्भ गळतो, आणि संशोधनाला काम उरते ते तिथेच.

या श्लोकांवर सर्वांत कसून काम केले ते गोव्यातल्याच माणसाने. कोसबे इथे 1907 साली जन्मलेले दामोदर कोसंबी पेशाने गणिती. शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी 1948 मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. सुमारे 200 श्लोकच बहुतेक हस्तलिखितांत सापडतात, बाकीचे येत-जात राहिले, असे त्यांना दिसले. त्याआधी 1941 च्या लेखात त्यांनी वेगळाच प्रश्न टाकला होता: भर्तृहरीच्या कवितेतले वैराग्य कोणत्या वर्गाचे? आश्रयदात्याच्या दारी ताटकळणाऱ्या शिकलेल्या माणसाची कुचंबणा त्यांना त्यात दिसली. पटो न पटो, नीतिवचनाला समाजात उभे करून पाहणे तेव्हा नवे होते.

वडील धर्मानंद साखवाळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडलेला हा माणूस पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनावर बसला. शील, समाधी, प्रज्ञा अशी त्या ग्रंथाची चढण आहे. आवृत्ती 1950 मध्ये निघाली, धर्मानंद 1947 मध्येच गेले.

गोव्यातल्या शाळांची वाट निराळी. जेझुइट धर्मोपदेशक फादर स्टीफन्सनी लिहिलेली कोकणी दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पुस्तिका, 1622 मध्ये रायतूरला छापली गेली, तीही प्रश्नोत्तरांची. गोवामुक्तीनंतर भारतीय घटनेचे कलम 28 लागू झाले: अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून चर्चच्या शाळांत ख्रिस्ती मुले दोतोर्नीला आणि बाकीची ‘मॉरल सायन्स’ला, ही वाटणी आपल्या परिचयाची.

मुलाला नीती कळते कशी, हे तपासणारी परंपरा बाहेरची. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचे मुलांच्या नैतिक निर्णयांवरचे पुस्तक 1932 चे. त्याच वाटेने गेलेले मानसशास्त्रज्ञ कोलबर्ग यांचा शिकागोतला प्रबंध 1958 चा. पत्नीला वाचवण्यासाठी औषध चोरावे का, असे ते मुलांना विचारत आणि उत्तरापेक्षा कारणाकडे पाहत. प्रबंधात मुलगेच होते. स्त्रियांचा नैतिक आवाज यात ऐकू येत नाही, हा मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचा आक्षेप 1982 चा.

1987 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरची उत्तरे शिकागोच्या उत्तरांशी ताडली. वडील गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाल्ली, हे तिथल्या ब्राह्मणांना अतिशय गंभीर पाप वाटले; शिकागोकरांना त्यात काहीच वाटले नाही. सुतक पाळणाऱ्या आपल्याकडच्या घरांत काय उत्तर येईल, ते वेगळे सांगायला नको. ही नीती नव्हे, रूढी, असे म्हणून विषय संपत नाही. मानसशास्त्रज्ञ ट्युरिएल यांच्या गटाने उलट मांडणी केली: वडिलांच्या आत्म्याला इजा होते अशी समजूत असेल, तर तिथलाही प्रश्न दुसऱ्याला इजा करण्याचाच आहे; फरक समजुतीचा, नीतीचा नव्हे.