पेट्रोलची काजळी आणि 23 नॅनोमीटरची रेघ

पीयूसी काढायला गेलं की पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे आकडे छापलेला कागद हातात देतात. धुराचा काळेपणा तपासायचा तो फक्त डिझेलचा. पेट्रोलच्या गाडीतून काजळी किती निघते, हे नागपुरातल्याच काय, देशातल्या कुठल्याही पीयूसी केंद्रात कुणी मोजत नाही. असं का, याचा माग काढायचा तर गेल्या तीसेक वर्षांतल्या घडामोडी पाहाव्या लागतात.

काजळीवरचा संशय तसा जुना आहे. 1775 मध्ये लंडनच्या एका सर्जनने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचं खापर काजळीवर फोडलं. 1933 मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून बेन्झोपायरीन वेगळं काढण्यात आलं आणि काजळीला चिकटून येणाऱ्या संयुगांपैकी एक मोठा आरोपी हाती लागला. मोटारींच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं बोट डिझेलकडेच राहिलं.

पेट्रोलवाल्यांना काजळी माहीत नव्हती असं नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात नागपूरच्या महाल भागातला मिस्त्री प्लग काढायचा, उजेडात धरायचा आणि निदान सांगून मोकळा व्हायचा. प्लग कोरडा काळा, बोटाला मखमलीसारखा लागणारा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओला, चिकट काळा असेल तर ऑइल चढतंय. पॉलिश पेपरने घासून प्लग परत बसवायचा. प्रयोगशाळेत आज हीच फोड वेगळ्या नावांनी होते: कोरडा तो मूलद्रव्यी कार्बन, ओला तो सेंद्रिय कार्बन. टू-स्ट्रोक लूना आणि स्कूटरमागचा निळसर पांढरा धूर तर मुख्यतः न जळलेल्या ऑइलच्या थेंबांचा; खऱ्या काजळीचा त्यातला वाटा कमीच.

शिशाच्या काळातलं चित्र आणखी निराळं. तेव्हा पेट्रोल गाडीतून निघणाऱ्या कणांच्या वजनात शिशाच्या क्षारांचाच भरणा असे. 1995 पासून महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर सक्तीचं झालं. शिसं गेलं म्हणून धुरातले विषारी वायू निवळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकू लागले. पण शिशामुळे मिळणारा ऑक्टेन (पेट्रोलची अवेळी न पेटण्याची क्षमता) दुसरीकडून आणणं भाग होतं आणि तो बराचसा ॲरोमॅटिक, म्हणजे बेन्झीनच्या जातीच्या, घटकांतून आला. ज्वालेत काजळीची बीजं सर्वांत सहज तयार होतात ती याच घटकांपासून. पुढे बीएस-चारने (भारत स्टेज, म्हणजे गाड्यांचा धूर आणि इंधन यांच्या नियमांचा चौथा टप्पा) त्यांच्यावर 35 टक्क्यांची मर्यादा घातली.

खरं वळण आलं 1996 मध्ये. एका जपानी कंपनीने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं. जुन्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेक व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारलं जातं आणि हवेत मिसळायला त्याला उसंत मिळते. थेट फवारणीत ती उसंत काही मिलिसेकंदांवर येते. थोडं पेट्रोल पिस्टनच्या माथ्यावर आणि इंजेक्टरच्या टोकाशी पातळ थर होऊन बसतं आणि आजूबाजूचं मिश्रण जळून गेल्यावर मागाहून, पुरेशा हवेविना, धुरकट जळतं. मायलेज वाढलं, ताकद वाढली आणि सोबत काजळीही वाढली. इंजिन थंड असताना हा थर सर्वांत जाड, म्हणून नव्या मॉडेलच्या मंजुरी-चाचणीच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच कणांचा मोठा वाटा निघून जातो. चाचणी 20 ते 30 अंशांत होते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेली गाडी सुरू केली तर हा थर पातळच असणार. जानेवारीच्या पहाटे शेजारच्या चौकात दूध आणायला काढलेल्या गाडीचं तसं नाही.

ही काजळी दिसते कशी? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 20-30 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) गोळे एकमेकांना चिकटून तुटक्या माळेसारखे वेडेवाकडे झालेले दिसतात. प्रत्येक गोळ्यात ग्रॅफाइटसारखे वक्र पापुद्रे एकावर एक. वर हायड्रोकार्बनचा लेप, मध्येच इंजिन ऑइलमधून आलेलं कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख याच हवेत असते, पण तिचे कण सिलिका-ॲल्युमिनाचे, काचेसारखे गुळगुळीत आणि कितीतरी मोठे. नागपूरकर घरातल्या सगळ्या काळ्या धुळीचं बिल वीज केंद्रांच्या नावे फाडतात, त्याबद्दल इतकंच. ताजी काजळी पाण्याला जवळ करत नाही. हवेत काही तास काढले की तिच्यावर सल्फेट आणि सेंद्रिय थर चढतात, माळ आकसून गोळा होते आणि मग ती ओलही धरते. ताज्या काजळीचा एक ग्रॅम हिरव्या प्रकाशाला सुमारे साडेसात चौरस मीटरचा अडसर होतो, तोही मुख्यतः प्रकाश शोषून.

आता वादाचा मुद्दा. युरोपने 2009 पासून थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर कणांच्या वजनाची मर्यादा घातली: किलोमीटरला 5 मिलिग्रॅम, पुढे साडेचार. पण एवढ्या बारीक कणांचं वजन करणं म्हणजे फिल्टरवर बसलेल्या वाफांसकट वजन करणं. म्हणून कण मोजायचं ठरलं आणि 2014 मध्ये थेट इंजेक्शनच्या पेट्रोललाही संख्येची मर्यादा लागली: पहिली तीन वर्षं दहापट सैल, मग किलोमीटरला 6×10¹¹, म्हणजे साठ हजार कोटी कण. 70 नॅनोमीटर व्यासाचा, पाण्याइतक्या घनतेचा कण धरला तर एवढ्या कणांचं वजन भरतं जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे संख्येची अट वजनाच्या अटीपेक्षा चाळीसेक पट कडक. इथवर उत्तम.

मात्र मोजायचे कोणते कण? नमुना आधी गरम हवेने विरळ करायचा, मग 300 ते 400 अंशांच्या नळीतून न्यायचा, म्हणजे वाफेचे थेंब उडून जातात. उरले ते घन कण, आणि त्यांतलेही 23 नॅनोमीटरच्या वरचेच. मोजयंत्र असं लावलेलं असतं की 23 नॅनोमीटरच्या कणांपैकी निम्मेच टिपले जावेत. कारण सांगितलं गेलं ते असं: गंधकाच्या आम्लाचे आणि ऑइलचे अतिसूक्ष्म थेंब हवामान, आर्द्रता, विरळपणा यांप्रमाणे बदलतात, तीच गाडी दोन प्रयोगशाळांत दोन आकडे देते. नियम न्यायालयात टिकायचा तर आकडा परत तोच आला पाहिजे. युक्तिवाद खोटा नव्हता. पण ही रेघ आखली गेली डिझेलच्या काजळीचा अनुभव समोर ठेवून. पेट्रोलमध्ये, विशेषतः पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात, 10 ते 23 नॅनोमीटरच्या घन कणांचा वाटा डिझेलहून मोठा निघाला. फुप्फुसात सर्वांत खोल जाण्याची क्षमता असलेल्यांत हेच कण, आणि मोजणीतून वगळले गेले तेही हेच. सोय यंत्राची पाहिली गेली, असं म्हणायला जागा आहे.

दुसरी सवलत याहून ठळक. संख्येची अट फक्त थेट इंजेक्शनला. पोर्ट इंजेक्शन स्वच्छच असतं, असं गृहीत धरलं गेलं. चीनने आपल्या सहाव्या टप्प्यात हा भेद ठेवला नाही, सगळ्या पेट्रोल गाड्यांना एकच मर्यादा लावली. युरोप आता सातव्या टप्प्यात तिथे येतोय, रेघही 10 नॅनोमीटरवर आणतोय.

2012 मध्ये एका आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवलं आणि पेट्रोलच्या धुराला 'शक्यता आहे' या गटात ठेवलं. आपल्याकडे याच सुमाराला सगळी चर्चा डिझेलभोवती फिरत होती. बीएस-पाच गाळून थेट बीएस-सहाची घोषणा 2016 ला झाली, अंमल 1 एप्रिल 2020 पासून. पेट्रोलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दशलक्ष भागांत 10 भागांवर) आलं, त्यामुळे थेंबांची कटकट बरीच मिटली. छोट्या डिझेल गाड्या शोरूममधून निघून गेल्या आणि त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी टर्बो पेट्रोलने घेतली, त्यातल्या काही थेट इंजेक्शनच्या. कणसंख्येची अट बीएस-सहाने युरोपकडून जशीच्या तशी उचलली: तीच 23 ची रेघ, तीच सवलत. 2023 पासून रस्त्यावरची प्रत्यक्ष चाचणीही आली, पण ती मुख्यतः नव्या मॉडेलला मंजुरी देताना. पीयूसी केंद्रातल्या तपासणीशी तिचा संबंध नाही.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनने काजळी घटते, ॲरोमॅटिकचं प्रमाणही पातळ होतं. पण इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टनवरचा तो थर उलट रेंगाळतो. कुठल्या इंजिनात कोणती बाजू जड होते, हे इंजेक्शनचा दाब आणि वेळ यांवर ठरतं. पंपावर सगळ्यांना एकच पेट्रोल मिळतं. त्यातलं पुष्कळसं जातं दुचाकींच्या टाक्यांत, आणि बीएस-सहामध्ये दुचाकींना कणसंख्येची मर्यादाच नाही.