न विचारलेली दुखणी : आरोग्यसेवेतील विषमतेच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सर्व्हेचा फॉर्म घेऊन खेड्यापाड्यांत फिरलेल्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. ओट्यावर बसून विचारायचं, "गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का?" घरधनी सांगतो, "नाही, सगळं बरं आहे." आत चुलीपाशी बाई कमरेवर हात टेकून उठते, पुन्हा बसते. फॉर्मवर आजारी व्यक्तींची संख्या शून्य लिहिली जाते. गावोगावची अशी शून्यं जोडत गेलं, की गरीब माणसं श्रीमंतांपेक्षा निरोगी आहेत असं चित्र कागदावर उभं राहतं. अमर्त्य सेन यांनी याच विसंगतीकडे लक्ष वेधलं होतं. केरळमधले लोक बिहारमधल्या लोकांपेक्षा जास्त आजार सांगतात, आणि आयुष्यमान मात्र केरळचं जास्त. दवाखाना जवळ असेल, चार बुकं शिकलेलं असेल, तर माणूस दुखण्याला दुखणं म्हणतो. यातलं काहीच नसेल तर ते अंगवळणी पडतं.

आरोग्यसेवा कुणापर्यंत पोचते आणि कुणापर्यंत नाही, याचा अभ्यास करणाऱ्यांना गेली कित्येक दशकं हाच पेच सोडवावा लागला आहे. कुणाला विचारायचं, कुठे जाऊन विचारायचं आणि कसं विचारायचं? या पेचातून वाट काढण्यात महाराष्ट्रातल्या संशोधकांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपल्याकडेच पुरेसा माहीत नाही.

सुरुवात देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीपासून करावी लागते. ही समिती १९४३ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १६२ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. या आकड्यांवर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा बांधला. पण तिच्या डोळ्यांपुढचा प्रश्न मुख्यतः पुरवठ्याचा होता, म्हणजे डॉक्टर किती, खाटा किती, केंद्रं किती. पुढची पंचवीसेक वर्षं आपलं नियोजन याच मापाने चाललं. केंद्र उघडलं, की त्या परिसरातल्या सगळ्या लोकांना सेवा 'उपलब्ध' झाली असं धरलं जाई.

हे गृहीतक चुकीचं आहे हे इंग्लंडसारख्या देशातही उघड झालं, तेही सरकारी सेवा सर्वांना मोफत असताना. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे चांगली सेवा सर्वांत कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजाराचा जोर जितका जास्त, तितकी ही उलटी गत पक्की होते, असंही त्यांनी बजावलं.

त्याच सुमारास, १९७० मध्ये, रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला काम सुरू करत होतं. तिथे जे दिसलं ते कुठल्याही सर्वेक्षणाने आधी सांगितलं नव्हतं. दवाखाना गावात असूनही दलित वस्तीतली बाई तिथपर्यंत येत नाही. ती पाण्यासाठी तिष्ठत असते, आणि तिच्या मुलाची हगवण त्या पाण्यातच असते. त्यामुळे हातपंप कुठल्या वस्तीत बसवायचा हाही जामखेडला आरोग्याचाच प्रश्न ठरला. गावाने निवडलेल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना तिथे आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं गेलं. साधारण त्याच काळात डॉ. नोशीर अंतिया यांनी रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला असाच प्रयोग केला. त्यांच्या संस्थेने पुढे जळगाव जिल्ह्यात घरोघर जाऊन आजारपणाच्या खर्चाचा अभ्यास केला, तो १९८७ साली. दवाखान्याचं रजिस्टर बाजूला ठेवून माणसाच्या खिशात डोकावणारे असे अभ्यास तोवर फारच थोडे होते. आजारपणात बहुतेक लोक खासगी डॉक्टरकडे जातात आणि त्याचे पैसे स्वतःच भरतात, हे त्यातून जिल्ह्याच्या पातळीवर दिसलं.

केंद्र सरकार घरोघर करतं त्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फेऱ्यांनी तेच देशभरासाठी सांगितलं. १९८६-८७ मध्ये ग्रामीण भागात भरती होणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्ण सरकारी रुग्णालयात जात, २००४ पर्यंत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. आजारी असूनही उपचार न घेतलेल्या ग्रामीण लोकांपैकी 'पैसे नव्हते' हे कारण सांगणारे १९८६-८७ मध्ये १५ टक्के होते, २००४ मध्ये २८ टक्के झाले. भोर समितीचं तत्त्व आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावेत.

तरीही हे सगळे अभ्यास लोकांनी तोंडाने सांगितलेल्या आजारांवर उभे होते. ती भिंत गडचिरोलीत फुटली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग हे १९८६ पासून तिथे काम करत होते. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची, त्यांना काही तक्रार असो वा नसो, प्रत्यक्ष तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेका बाईला सरासरी साडेतीनहून अधिक. तक्रार मात्र निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांनी सांगितली होती. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं, हे बाईच्या जातीला असायचंच असं मानून या बायका मूल वाढवत होत्या, धानाची रोवणी करत होत्या. तोवर जगभर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई. या एका अभ्यासाने ती व्याख्या अपुरी ठरवली. नंतर १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'सेहत' या संस्थेने नाशिक जिल्ह्यात बायकांना एकेका त्रासाचं नाव घेऊन विचारलं, तेव्हा "बरं आहे" म्हणणाऱ्या तोंडांतून कितीतरी दुखणी बाहेर आली.

गडचिरोलीतली पुढची पायरी अधिक धाडसी होती. सेवा पोचत नाही हे दाखवून झालं, मग ती कुणी पोचवायची? लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी गावातल्याच माणसांना शिकवायचं ठरलं. निदानासाठी मिनिटभरात बाळाचे श्वास मोजायचे, पण दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक साधं उपकरण बनवलं गेलं. लाकडी चौकटीत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी, शेवटचा लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली, तर न्यूमोनिया. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, उपचार मिळालेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली होतं, तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होतं. फरक होता तो दारात पोचलेल्या औषधाचा आणि चार मण्यांचा.

नवजात बाळांसाठी हेच तत्त्व वापरलं गेलं. पाच-दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्या बायकांनी ३९ गावांत घरी जाऊन बाळाचं वजन घेतलं, ऊब राखली आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा दिलं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. यावरचा शोधनिबंध डिसेंबर १९९९ चा.

यातून आणखी एक अप्रिय गोष्ट पुढे आली. घरोघर मोजलेले बालमृत्यू आणि सरकारी दप्तरातले बालमृत्यू यांत मेळच बसत नव्हता. गडचिरोलीसह राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या १३ संस्थांनी मिळून मोजणी केली आणि २००१ मध्ये तिचा अहवाल मांडला, तेव्हा विधानसभेपासून उच्च न्यायालयापर्यंत खळबळ उडाली. पुढे सरकारनेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मेलेल्या मुलाची नोंदच झाली नाही, तर त्याच्यासाठी डॉक्टर नेमायचा प्रश्न उद्भवत नाही, इतकं हे सरळ आहे. आदिवासींच्या बाबतीत ही उणीव राष्ट्रीय पातळीवर मान्य व्हायला २०१८ उजाडलं. त्या वर्षीच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार लोकसंख्येत सुमारे ८ टक्के असलेल्या आदिवासींच्या वाट्याला देशातल्या मलेरियाच्या मृत्यूंपैकी निम्मे मृत्यू येत होते.

गडचिरोलीची घरपोच नवजात सेवा २०११ पासून देशभर आशाताईंच्या कामात आली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा भेटी. झोळीत बाळ ठेवून ताई वजनकाटा उचलून धरते, काटा स्थिर होईपर्यंत आजी श्वास रोखून बघते. मग ताई फॉर्म भरते. त्यात आईसाठीही रकाने आहेत. ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास येतो का? १९८० च्या दशकात ज्या प्रश्नाला कुठल्याच फॉर्मवर जागा नव्हती, तो आता छापील आहे. ४२ व्या दिवसानंतरच्या भेटी मात्र बाळासाठी असतात, पंधराव्या महिन्यापर्यंत. काटा बघत बसलेल्या आजीसाठी त्या कागदावर रकाना नाही.