‘वय अधिक शंभर’ हे बीपीचं गणित

‘वयात शंभर मिळवा, तेवढं वरचं बीपी नॉर्मल’ हा हिशोब वर्षानुवर्षं फिरतोय. म्हणजे सत्तरीत 170 चालेल!

तो रुजला यात नवल नाही. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो. एके काळी डॉक्टरही हे वयाचंच मानत. पण बहुतेकांत दिसतं ते निर्धोक असतंच असं नाही, आणि हे कळायला माणसांची कित्येक वर्षं नोंद ठेवावी लागते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून 5,209 रहिवाशांची दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. वरचा आकडा जास्त असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले, म्हातारपणीही.

आपला आकडा घरी तपासता येतो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद (हेच सगळ्यात अवघड). मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, आठवडाभर वहीत लिहा. सरासरीत वरचा आकडा 135 किंवा खालचा 85 गाठत असेल, तर वय कितीही असो, वही डॉक्टरांना दाखवा. फार थकलेल्या वृद्धांसाठी ते मर्यादा थोडी सैल ठेवतात, पण ती माणूस तपासून. वयात शंभर मिळवून नाही.