नेत्रप्रतिमा उपकरणे : लघुउद्योग आणि विद्यापीठ यांच्या भागीदारीतून विकास

डोळ्याच्या आतल्या भागाची, मुख्यतः दृष्टिपटलाची (रेटिनाची), प्रतिमा घेणारी उपकरणे विद्यापीठातील प्रयोगशाळा आणि छोटी कंपनी यांनी मिळून घडवण्याची पद्धत. अमेरिकेत ती गेली चार दशके रुळलेली असून तिथल्या सरकारी अनुदान योजनांनी तिला आजचा आकार दिला आहे. शरीरावर चीर न घेता रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू थेट पाहता येतात अशी जागा दृष्टिपटलच. त्यामुळे काचबिंदू, मधुमेहामुळे होणारे दृष्टिपटलाचे विकार, अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील नेत्रविकार अशा अनेक आजारांचे निदान प्रतिमेवर अवलंबून असते. मात्र नव्या तंत्राची बाजारपेठ सुरुवातीला इतकी लहान असते की मोठ्या कंपन्या त्याकडे वळत नाहीत, आणि विद्यापीठाला उपकरण विकायचे व दुरुस्त करायचे नसते. ही मधली पोकळी छोटी कंपनी भरून काढते.

या क्षेत्राची सुरुवात बॉस्टन परिसरात झाली. रॉबर्ट वेब यांनी १९८०च्या सुमारास तिथे स्कॅनिंग लेझर ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे लेझरचा किरण फिरवून दृष्टिपटल टिपणारे उपकरण, तयार केला. १९९१ मध्ये एमआयटीतील जेम्स फुजिमोटो, तेव्हा विद्यार्थी असलेले डेव्हिड हुआंग, लिंकन प्रयोगशाळेतील एरिक स्वॉन्सन आणि नेत्रतज्ज्ञ कार्मेन पुलियाफितो, जोएल शूमन यांच्या गटाने ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी (डोळ्यातून आणि एका संदर्भ-आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाची तुलना करून आतले थर छेदासारखे दाखवणारी पद्धत), ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. यांतील काहींनी काढलेली छोटी कंपनी १९९४ मध्ये झाइसच्या हम्फ्री विभागाने घेतली आणि १९९६ मध्ये पहिले व्यापारी उपकरण बाजारात आले. तरीही ओसीटी दवाखान्यांत सर्रास दिसू लागायला २००२ उजाडावे लागले. त्या वर्षी आलेले ‘स्ट्रॅटस’ उपकरण सेकंदाला खोलवर जाणाऱ्या ४०० रेषा टिपत असे, २००६ नंतरची स्पेक्ट्रल (परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट मोजण्याच्या) पद्धतीची उपकरणे २५,००० हून अधिक. वेग वाढल्यावरच डोळा हलण्याआधी पूर्ण पट्टा टिपता येऊ लागला.

अनुदानाची चौकट. १९८० च्या बेह–डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाचे हक्क विद्यापीठाकडे ठेवण्याची मुभा दिली. १९८२ मध्ये एसबीआयआर ही लघुउद्योगांसाठीची संशोधन योजना सुरू झाली आणि १९९२ मध्ये विद्यापीठाची किंवा अन्य संशोधन संस्थेची भागीदारी सक्तीची करणारी एसटीटीआर. पाचशेपर्यंत कर्मचारी असलेल्या अमेरिकी मालकीच्या कंपन्या अर्ज करू शकतात. नेत्रविषयक प्रकल्पांचे मुख्य अनुदान नॅशनल आय इन्स्टिट्यूट या सरकारी नेत्रसंशोधन संस्थेकडून येते. दोन्ही योजना मुदतीच्या असल्याने अमेरिकी काँग्रेसला वेळोवेळी त्यांची मुदत वाढवावी लागते.

एसबीआयआरमध्ये पहिल्या टप्प्यात साधारण एक तृतीयांश आणि दुसऱ्या टप्प्यात निम्म्यापर्यंत काम कंपनीबाहेर देता येते, आणि प्रकल्पप्रमुखाची मुख्य नोकरी कंपनीतच असावी लागते. एसटीटीआरमध्ये किमान ४० टक्के काम कंपनीने आणि किमान ३० टक्के काम एकाच संशोधन संस्थेने करायचे असते. बौद्धिक संपदेची वाटणी कशी होईल, याचा लेखी करार अनुदानापूर्वीच लागतो. पहिला टप्पा सहा महिने ते वर्षभराचा असतो व त्यात ‘हे शक्य आहे का’ एवढेच दाखवायचे असते. दुसरा साधारण दोन वर्षांचा, प्रत्यक्ष नमुना उपकरणाचा. तिसऱ्या टप्प्याला या योजनांतून पैसा मिळत नाही, तिथे विक्री किंवा गुंतवणूकदार लागतात.

पहिल्या टप्प्याचा अर्ज पडतो तो बहुधा उद्दिष्ट मोजता येत नसल्यामुळे. ‘चांगली प्रतिमा मिळवू’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. ‘३ मिलिमीटर बाहुलीतून, औषध न घालता, ४० अंशांच्या क्षेत्रात ठरलेल्या जाडीची रक्तवाहिनी पार्श्वभूमीपासून इतक्या फरकाने वेगळी दिसेल’ हे होऊ शकते. आकडा ठरवायला नेत्रतज्ज्ञ लागतो आणि तो गाठता येईल का हे सांगायला प्रकाशतंत्रज्ञ. म्हणून ३० टक्के हिस्सा नावापुरता विद्यापीठाला देणारे प्रकल्प दुसऱ्या टप्प्यात अडखळतात. विद्यापीठाकडे रुग्ण, नीतिसमितीची परवानगी आणि प्रतिमा वाचणारे डोळे असतात, तर कंपनीकडे यांत्रिक आराखडा, सुटे भाग मिळवण्याची घडी आणि कागदपत्रांची शिस्त. ही विभागणी सुरुवातीलाच कागदावर आली पाहिजे.

प्रकाशाचे गणित. ८४० नॅनोमीटर तरंगलांबी आणि ५० नॅनोमीटर पट्टारुंदीचा सुपरल्युमिनेसंट डायोड (रुंद वर्णपटाचा प्रकाशस्रोत) घेतला, तर ओसीटीचे खोलवरच्या दिशेतील विभेदन, म्हणजे वेगळे दिसू शकणारे सर्वांत लहान अंतर, हवेत सुमारे ६ मायक्रॉन व ऊतीत ४.५ मायक्रॉन येते. वर्णपटमापकाने (प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून कॅमेऱ्यावर टिपणाऱ्या भागाने) ८० नॅनोमीटर २,०४८ पिक्सेलवर पसरवले, तर एका पिक्सेलला ०.०४ नॅनोमीटर येतात आणि हवेतील मापाने सुमारे ४.५ मिलिमीटर खोली दिसते. कॉर्नियावर पडणारी शक्ती या तरंगलांबीला साधारण ०.७ मिलिवॉटच्या आसपास ठेवतात. सुरक्षिततेची मर्यादा ओलांडता येत नसल्याने उजेड वाढवून प्रतिमा सुधारण्याची वाट बंद असते. हाती राहते ते परतणारा प्रकाश वाया न घालवणे. वाटेत तो निम्मा गळाला की संवेदनशीलता ३ डेसिबलने उतरते, आणि मोतीबिंदू असलेल्या रुग्णात तेवढ्याने आतले थर दिसेनासे होतात.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर उत्तम चालणारे उपकरण दवाखान्यात बिघडते, त्याची कारणे ठरलेली आहेत. वर्णपटमापकातल्या पिक्सेलची रुंदी १० मायक्रॉनच्या आसपास असते. तपासणीची खोली तापली आणि कॅमेऱ्याचा धारक काही मायक्रॉन सरकला की तरंगलांबी आणि पिक्सेल यांची जुळणी चुकते. ही चूक शून्य खोलीजवळ जाणवत नाही. खोल गेल्यावर थर धूसर होतात. म्हणून तपासणी नेहमी एकाहून अधिक खोलीवर, आरसा पुढेमागे सरकवून करावी. सुपरल्युमिनेसंट डायोडमध्ये परतीचा प्रकाश शिरला तर तो खराब होतो, त्यामुळे तो अडवणारा ऑप्टिकल आयसोलेटर न बसवता वाचवलेले पैसे महागात पडतात. भिंगांच्या पृष्ठभागावरून येणारी परावर्तने प्रतिमेच्या मधोमध पांढरा डाग पाडतात. भिंगांऐवजी गोलीय आरसे घेतले तर तो डाग जातो, पण तिरप्या आरशांमुळे दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) येते. ते घालवण्यासाठी किरणाची वाट एकाच पातळीत न ठेवता वरखाली वळवावी लागते. याशिवाय किरण फिरवणारा आरसा अडकला तर प्रकाश एकाच बिंदूवर साचतो, म्हणून आरशाची हालचाल थांबताच प्रकाश तोडणारी स्वतंत्र सर्किटव्यवस्था हवी. ती संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोपवू नये.

कृत्रिम डोळ्यावर केलेल्या चाचणीने फसगत होते. त्याची बाहुली आक्रसत नाही, तो हलत नाही आणि त्याचे अश्रू सुकत नाहीत. खरा रुग्ण दहाएक सेकंद पापणी न लववता बसला की अश्रूंचा थर फाटतो आणि प्रतिमा एकदम मऊ पडते. प्रत्येक चित्रणाआधी दोनतीनदा पापणी लवायला सांगणे हा साधा नियम उपकरणाच्या कार्यपद्धतीत लिहून ठेवावा.

तीन उदाहरणे. लवचीक आरशाने डोळ्याचे प्रकाशदोष दुरुस्त करण्याचे तंत्र, अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, रॉचेस्टर विद्यापीठात १९९७ मध्ये डोळ्यातल्या शंकुपेशी दाखवू लागले. तेव्हाचे आरसे मोठे आणि महाग होते. बॉस्टन विद्यापीठातून १९९९ मध्ये निघालेल्या बॉस्टन मायक्रोमशीन्सने चिपवरचे आरसे आणले, त्यांतल्या एकात आरसा वाकवणारे १४० सूक्ष्म दांडे आहेत. त्यांची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ३.५ मायक्रॉन हलणारा आरसा परावर्तनामुळे ७ मायक्रॉनची दुरुस्ती करतो, आणि ६ मिलिमीटर बाहुलीत चष्म्याचा एकच डायॉप्टर (एक नंबर) ४.५ मायक्रॉन खाऊन टाकतो. म्हणून चष्म्याचा नंबर आधी साध्या भिंगाने काढून टाकायचा आणि आरसा उरलेल्या बारीक दोषांसाठी राखायचा.

दुसरे उदाहरण तान्ह्या बाळांचे. ड्यूक विद्यापीठाच्या जोसेफ इझाट यांच्या कामातून २००४ मध्ये बायोप्टिजेन ही कंपनी निघाली आणि तिथल्याच नेत्रशल्यविशारद सिंथिया टॉथ यांच्या गटाने हातात धरायच्या ओसीटीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासले. उपकरणाला २०१२ मध्ये एफडीए या अमेरिकी औषध व उपकरण नियामकाची परवानगी मिळाली आणि २०१५ मध्ये लायका या सूक्ष्मदर्शक कंपनीने ती विकत घेतली. इथला तांत्रिक पेच बोलका आहे. प्रौढाचा डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब, नवजाताचा सुमारे १७. अपवर्तनांक धरला तर प्रकाशमार्गात एकेरी ९ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि उपकरणाला दिसणारी खोली फक्त काही मिलिमीटर. किरणाचा वळणबिंदू बाहुलीतच ठेवायचा असल्याने हात मागेपुढे करून हा फरक भरता येत नाही. प्रौढासाठी लावलेला संदर्भ-आरसा बाळासाठी हलवला नाही, तर पडद्यावर काहीच दिसत नाही. वयानुसार आरशाची जागा, फोकस आणि स्कॅनचा कोन यांचा तक्ता लागतो, आणि तो रुग्णालयातल्या रोजच्या कामातूनच तयार होतो.

तिसरे, स्वस्त तपासणी कॅमेऱ्याचे. इंडियाना विद्यापीठातील अ‍ॅन एल्सनर यांच्याशी निगडित एऑन इमेजिंग या छोट्या कंपनीने दृष्टिपटलावर प्रकाशाची सरकती रेषा टाकून ती रोलिंग शटरच्या, म्हणजे ओळीओळीने टिपणाऱ्या, कॅमेऱ्याने टिपण्याची पद्धत विकसित केली. रेषा आणि शटर एकत्र सरकले तर इतरत्रून विखुरलेला प्रकाश आपोआप गाळला जातो, त्यासाठी वेगळे सूक्ष्म छिद्र लागत नाही. दोघांची वेळ चुकली की प्रतिमा अंधारते किंवा तिच्यावर धुके चढते.

करार, प्रोग्रॅम, परवानगी. पेटंटचा अर्ज शोधनिबंधाआधी करायचा. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर वर्षभराची सवलत मिळते, युरोपात सहसा नाही. मात्र विद्यार्थ्याचा प्रबंध कंपनीच्या गुपितासाठी रोखून धरणे अन्यायाचे आहे. त्याचा विषय कंपनीच्या कामापासून आधीच वेगळा काढावा. प्राध्यापकाचे कंपनीत समभाग असतील तर विद्यापीठाला ते कळवावे लागते, आणि रुग्णांवरील चाचणीचे निकाल त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासणे इष्ट. प्रयोगशाळेत मॅटलॅब किंवा लॅबव्ह्यू या प्रोग्रॅमिंग साधनांत लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा उत्पादनात येत नाही. वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ मानकाप्रमाणे प्रत्येक गरज, चाचणी आणि बदल यांची नोंद लागते, आणि ती मागाहून तयार करणे नव्याने लिहिण्याइतकेच वेळखाऊ ठरते. त्याच्या जोडीला विद्युतसुरक्षेचे आयईसी ६०६०१-१, जोखीम व्यवस्थापनाचे आयएसओ १४९७१, गुणवत्तेचे आयएसओ १३४८५ आणि डोळ्यावरील प्रकाशमर्यादेचे आयएसओ १५००४-२ ही मानके येतात. आधीच मान्य उपकरणाशी साम्य दाखवून मिळणारी ५१०(के) मंजुरी हा अमेरिकेतला नेहमीचा मार्ग. सुट्या भागांपैकी एखादा एकाच पुरवठादाराकडून येत असेल आणि त्याने उत्पादन बंद केले, तर काही चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. दुसरा पुरवठादार आराखड्याच्या वेळीच शोधावा.

भारतात याच धर्तीवर जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक संस्थेच्या योजना आहेत. तिच्या ‘बिग’ अनुदानात १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि पुण्यातील व्हेंचर सेंटर ते राबवणाऱ्या भागीदारांपैकी एक आहे. मुंबईच्या आयआयटीतील बेटिक केंद्र डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणे घडवते. परवानगी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली घ्यावी लागते. परदेशी आराखडा इथे आणताना सर्वांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे दृष्टिपटलातील रंगद्रव्य. ते जास्त असलेल्या डोळ्यात मागचा पडदा दृश्य प्रकाश कमी परत पाठवतो, त्यामुळे फिकट डोळ्यांवर बेतलेले एक्स्पोजर इथे अंधारी चित्रे देते. त्यात पिकलेले मोतीबिंदू आणि औषधानेही नीट न फुलणाऱ्या बाहुल्या यांची भर पडते. असे रुग्ण चाचणीच्या पहिल्या गटातच असावेत. त्यांना ‘प्रतिमा अयोग्य’ म्हणून वगळले, तर अहवालातली अचूकता फुगते आणि शिबिरात उपकरण निकामी ठरते.